अरबी समुद्राची विशेषणं

अरबी समुद्राची इंग्रजीतून जितकी निंदानालस्ती माझ्या सासऱ्यांनी केली, तितकी खुद्द इंग्रजांनीही केली नसेल. आणि इंग्रज तर त्या समुद्रावरून चांगली दीड-दोनशे वर्षं ये-जा करत होते. सासरे मालवणच्या धक्क्यावर बोट कंपनीचे एजंट. सगळा गाव त्यांना 'एजंट' म्हणूनच ओळखायचा. सासूबाईसुद्धा दारात कुणी आलं की "एजंट घरात नाय" असं सांगून मोकळ्या व्हायच्या. घरात ते अस्सल मालवणीत बोलत. पोस्टात किंवा कचेरीत गेले की कोटाची बटणं लावून शुद्ध मराठीत बोलत. आणि समुद्र जरा उसळायला लागला की तत्क्षणी इंग्रजीत शिरत. गड्याला मालवणीतून ओरडावं, मामलेदाराशी मराठीतून बोलावं, पण समुद्र हा फार वरचा अंमलदार, त्याच्याविषयी जे काही बोलायचं ते इंग्रजीतूनच बोललं पाहिजे, अशी त्यांची मनोमन समजूत असावी. सासूबाईंना हे बिलकूल मान्य नव्हतं. "दर्याक इंग्लिश समाजता काय?" असं त्या चुलीपुढून विचारायच्या. "त्येका सरळ सांगा, गप रव म्हणान!"

मी मालवणला आलो तो तारमास्तर म्हणून. पन्नाशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि आताचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा रत्नागिरीच्याच पोटात होता. मी कराडचा. पाणी म्हणजे एका काठावरून दुसरा काठ दिसणारी वस्तू, अशी माझी तोपर्यंतची व्याख्या. पहिल्या दिवशी किल्ल्याच्या तटावर फुटणाऱ्या लाटा पाहिल्या आणि पोस्टाची इमारत संध्याकाळपर्यंत टिकते की नाही याची मला मनापासून काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडतंय तोच खिडकीशी एक गृहस्थ उभे राहिले. काळा अल्पाकाचा कोट, काळी टोपी, धोतर, काखेत छत्री, आणि अंगकाठी अशी की समोरून पाहिलं तर माणूस, बाजूने पाहिलं तर पापलेट. त्यांनी तारेचा कागद पुढे सरकवला. त्यावर समुद्राविषयी इंग्रजीत असं काही लिहिलं होतं की मला आधी वाटलं, कुणाच्या तरी अब्रूनुकसानीची तार आहे. 'चॉपी, लंपी अँड एक्स्ट्रीमली इल-टेंपर्ड.' मी वर पाहिलं. "तारमास्तर," ते अतिशय अदबीने म्हणाले, "जशीच्या तशी पाठवा. आपल्या आधीचे मास्तर विशेषणं कापत असत."

त्या तारेमागची व्यवस्था सांगायला हवी. मालवणच्या तोंडाशी खडक फार, त्यामुळे मुंबईहून येणारी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि इथून मोठाले पडाव वल्हवत जाऊन उतारूंना उतरवून आणीत. समुद्र कसा आहे, पडाव जाऊ शकतील की नाही, हे रोज सकाळी मुंबईच्या कचेरीला तारेने कळवणं हे एजंटाचं काम. बोट समोर आल्यावर धक्क्यावरच्या काठीला पांढरा बावटा लावायचा की तांबडा, हेही तेच ठरवत. पांढरा लागला की पडाव सुटायचे. तांबडा लागला की बोट भोंगा वाजवून उतारूंसकट पुढे वेंगुर्ल्याकडे निघून जायची. तारेत 'रफ' एवढा एक शब्द लिहिला असता तरी मुंबईचं काम भागलं असतं. पण एका शब्दात समुद्र उरकणं सासऱ्यांना शक्यच नव्हतं. त्यांच्या लेखी ते जेवणाऱ्या पाहुण्याला 'मासे' एवढंच सांगण्यासारखं होतं. कुठले मासे, तळलेले की आमटीतले, ताजे की सुके, हे नको का सांगायला?

हे खूळ त्यांना लागलं त्याची कथा ते स्वतःच सांगत. इंग्रजी अमदानीत ते नुकते धक्क्यावर कारकून म्हणून लागले होते. तेव्हा ते रोज एकच मजकूर पाठवत, 'सी अ‍ॅज यूज्वल', समुद्र नेहमीप्रमाणे. त्या भरवशावर एक गोरा बंदर-अधिकारी तपासणीला आला. पडावात उतरताना एक लाट त्याच्या डोक्यावरून गेली, दुसरी पाठीवरून, आणि तिसरीने त्याची हॅट उचलून किल्ल्याच्या दिशेने नेली. धक्क्यावर तो चढला तेव्हा त्याच्या बुटांतून पाणी गळत होतं. "हे काय आहे?" त्याने समुद्राकडे बोट करून विचारलं. सासरे ताठ उभे राहून म्हणाले, "यूज्वल, सर." साहेब अर्धा मिनिट त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग धक्क्यावरच, ओल्या कपड्यांनिशी, खवळलेल्या पाण्याला इंग्रजीत काय काय म्हणतात त्याचा त्याने असा पाठ दिला की त्यातले निम्मे शब्द साहेबाच्या आईवडिलांनाही आवडले नसते. उरलेले निम्मे सासऱ्यांनी पाठ केले, आणि पुढे धक्क्यावर जो कोणी इंग्रजी जाणणारा उतरेल त्याला चहा पाजून आणखी मिळवले.

त्या शब्दांच्या पायऱ्या त्यांनी मला मोठ्या निगुतीने समजावून दिल्या. 'चॉपी' म्हणजे पाणी नुसतं कुरकुरतंय, कुणाला काही करणार नाही. 'लंपी' म्हणजे त्याच्यात गाठी आल्यात. 'सीदिंग' म्हणजे आतल्या आत धुमसतंय. 'कन्फ्यूज्ड' म्हणजे वारा एकीकडून, भरती दुसरीकडून, आणि लाटेला आपण कुठे निघालो होतो तेच आठवत नाही. हा प्रकार सगळ्यांत वाईट, कारण रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते, गोंधळलेल्याची घालता येत नाही. हे सांगणारा हा माणूस स्वतः मात्र जन्मात कधी पडावात बसला नव्हता. त्यांना धक्क्यावर उभ्या उभ्याच बोट लागायची, मळमळायला लागायचं. मी एकदा हे धीर करून बोलून दाखवलं, तर म्हणाले, "डॉक्टर काय सगळे रोग स्वतः भोगून पाहतो?"

मी विशेषणं कापत नाही अशी खात्री पटल्यावर त्यांची लेखणी फारच सुटली. एका सकाळी तार आली, 'व्हाइट हॉर्सेस गॅलपिंग ऑफ मालवण. नो बोट्स.' लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दौडत येतो त्याला इंग्रज पांढरे घोडे म्हणतात, हे मला काय ठाऊक? मी इमानाने कडकट्ट करून पाठवून दिली. मुंबईच्या कचेरीत तेव्हा जुने लोक जाऊन नवी पोरं भरली होती. तासाभरात उलट तार आली, 'पॅसेंजर बोटीतून जनावरं नेली जात नाहीत. घोड्यांचा मालक कोण ते कळवा.' सासऱ्यांनी ती वाचली, टोपी काढून कपाळ पुसलं, आणि शांतपणे उत्तर लिहिलं, 'ओनर ऑलमायटी गॉड.' एवढ्यात आमच्या पोस्टाच्या शिपायाने ही बातमी बाजारात पोचवली होती. पाच-पन्नास माणसं घोडे बघायला किनाऱ्यावर धावली. एकाने तर किल्ल्याच्या मागे जाणारी शेपटी स्वतः पाहिल्याचं छातीठोकपणे सांगितलं. जानू तांडेल म्हणून पडावांचा म्होरक्या होता, उंच, काळाभोर, आवाज असा की बोटीच्या भोंग्याने लाजावं. तो त्यानंतर कितीतरी दिवस सासऱ्यांना भर धक्क्यावर विचारायचा, "एजंटानू, घोडे खंय गेले? मासे धरूक?"

मला मुलगी द्यायचं त्यांनी ठरवलं तेही याच विशेषणांपायी. मालवणची मुलगी घाटावर द्यायची म्हणजे तेव्हा तिला मासळीवाचून जन्म काढायला लावण्यासारखं होतं. सासूबाईंचा साफ नकार होता. पण सासरे म्हणाले म्हणे, "ज्या माणसान माजो एक शब्द कधी गाळूक नाय, तो माज्या चेडवाक काय टाकतलो?" हा युक्तिवाद सासूबाईंना पटला, की त्या थकल्या, कोण जाणे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरे पोस्टाच्या खिडकीशी आले आणि पहिल्यांदाच माझ्याशी मालवणीत बोलले. त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने जावई झालो.

आणि जावई झाल्यावर मला कळलं की ते इंग्रजी धक्क्यावर थांबत नाही, घरापर्यंत येतं. संध्याकाळी मी सासुरवाडीला गेलो तर ते बेड्यापाशीच, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशीच, मला अडवायचे. "जावयबापूनू, जरा थांबान जावा. भितर कन्फ्यूज्ड आसा." म्हणजे सासूबाई कुणावर तरी रागावल्या आहेत, पण कुणावर ते अजून त्यांचं ठरलेलं नाही. जेवताना कुळथाच्या पिठीत एखादी गुठळी लागली की "आज लंपी झाली" हे ठरलेलं. इतक्या वर्षांत सासूबाईंनाही ती भाषा अवगत झाली होती. "लंपी आसा ती तशीच खावा," त्या म्हणायच्या, "नायतर मी बॉयलिंग होतलंय." लग्नानंतरच्या श्रावणात ते लेकीला घेऊन माझ्या गावी कराडला यायला निघाले, तेव्हा एस.टी. आंबोली घाटात शिरली आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धबधबा पाहिला. गाडी थांबवायला लावून ते पावसात उतरले आणि वर बघत राहिले. "ह्या पाणी उभा कसा रे?" त्यांनी कंडक्टरला विचारलं. मग बराच वेळ ओठ हलवले. साहेबाने दिलेल्या शिकवणीत उभ्या पाण्याची तरतूद नव्हती. शेवटी गाडीत येऊन बसले ते कराडपर्यंत उदास होते. "ह्या आमच्या खात्यातला नाय," एवढंच म्हणाले.

असा हा सगळा थट्टेचा मामला होता. त्यांच्या तारा मुंबईच्या कचेरीत मोठ्याने वाचल्या जातात आणि चहाबरोबर त्यावर हसतात, हे आम्हाला ऐकून ठाऊक होतं. त्याचा उपद्रव एक दिवस आम्हालाच होईल हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी माझ्या बायकोला सातवा महिना लागला होता. डॉक्टरांना दाखवायला म्हणून ती मुंबईला थोरल्या भावाकडे गेली होती आणि वहिनीला सोबत घेऊन बाळंतपणाला परत यायची होती. एस.टी.चे धक्के नकोत, बोटीने जा, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. मे महिन्याची अखेर, आगोट तोंडावर आलेली. पावसाळ्याआधी सगळं आटपून घ्यायचे ते दिवस, आणि मोसमातली ती शेवटची बोट. आदल्या सकाळपर्यंत समुद्र बरा होता. बोट मुंबईहून सुटली आणि रात्रीतून वारा फिरला. सकाळी मी धक्क्यावर गेलो तेव्हा किल्ल्याच्या तटावरून पाणी पार पलीकडे उडत होतं, आणि धक्क्यावर माणसं जमली होती. कुणाचा मुलगा येणार होता, कुणाची सून, कुणाचा म्हातारा बाप. सासूबाई एरवी कधी धक्क्यावर येत नसत. त्या दिवशी डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन त्या पुढच्याच पायरीवर उभ्या होत्या.

दुपारकडे बोट दिसली. नांगर टाकून उभी राहिली, पण उभी कसली? नाक वर, शेपूट खाली, मग शेपूट वर, नाक खाली. भोंगा वाजला. जानू तांडेल आपला पडाव सोडवून माझ्या बायकोला आणायला तयारच होता. "एजंटानू, सफेद बावटो लावा," तो ओरडला. "बायेक मी हाडतंय! माज्या खांद्यार बसान मोठी झाली ती."

सासरे दुर्बीण डोळ्याला लावून बघत राहिले. मी त्यांच्या बाजूला होतो आणि सवयीने वाट पाहत होतो, आता काहीतरी शब्द निघेल, सीदिंग, नाहीतर बॉयलिंग, नाहीतर त्याहून भयंकर असा राखून ठेवलेला एखादा. ओठसुद्धा हलले नाहीत. सासूबाई पायऱ्या चढून वर आल्या. "माज्या चेडवाक फुडे धाडू नकात," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, त्या मागत होत्या. "पोटुशी आसा ती. येंगुर्ल्याक तरी उतरूक गावतला काय? जानू हाडतंय म्हणता तर हाडूंदे."

सासऱ्यांनी दुर्बीण खाली घेतली. "जानू, तू हाडशीत," ते म्हणाले. "माका ठाऊक आसा. पण मी सफेद लावलंय तर तुज्या मागसून सगळेच पडाव सुटतले. त्येंका मी काय सांगू? माजा चेडू आसा म्हणान लावलंय?"

जानूने हातातलं वल्हं खाली ठेवलं. मला पोहायला येत नव्हतं, तरी मी म्हणालो, "मी जातो त्याच्याबरोबर. एकच पडाव जाऊ दे." ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, कोटातला माणूस कुणीतरी काढून नेला होता. "दर्या वायट आसा," ते म्हणाले. "पडाव जावचो नाय. तुम्ही पोस्टात चला." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तांबडा बावटा चढवला.

धक्क्यावर जो गलका झाला तो मी लिहीत नाही. सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. बोटीने थोडा वेळ वाट पाहिली, एक लांब भोंगा दिला, आणि नांगर उचलून ती दक्षिणेला निघाली. तिच्यावर कुठेतरी माझी बायको कठड्याला धरून उभी असेल, आणि तिला तो बावटा नक्की दिसला असेल, आणि तो कुणी चढवला हेही तिला ठाऊक असेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

पोस्टाकडे जाताना सासऱ्यांनी मला त्यांचा बेत सांगितला. वेंगुर्ल्यालाही समुद्र हाच. तिथे उतरवणं कठीणच. बोट उद्या उलट फिरेल आणि हवा अशी असली तर कप्तान मधली बंदरं सोडून थेट मुंबई गाठेल. म्हणजे दोन दिवसांचे हाल, आणि पुन्हा मुंबईच. पण देवगडचं बंदर आत वळलेलं आहे, डोंगराच्या कुशीत; तिथे पाणी निवांत असतं. परतीच्या वाटेवर बोट देवगडच्या आत घेऊन मालवणचे उतारू तिथे उतरवा, असं मुंबईच्या कचेरीने कप्तानाला बिनतारी यंत्रावरून कळवलं, तरच हे जमणार होतं. आणि कचेरीने ते कळवावं, तर आधी तिने आमच्या तारेवर विश्वास ठेवायला हवा होता. ज्या कचेरीला वर्षानुवर्षं पांढरे घोडे आणि बदमिजास लाटा वाचायची सवय, तिने!

मी यंत्रापाशी बसलो. सासऱ्यांनी कागद घेतला, टाक बुडवला. मग एका दमात लिहून कागद माझ्यापुढे ठेवला. 'मालवण लँडिंग इम्पॉसिबल. लँड ऑल मालवण पॅसेंजर्स देवगड ऑन रिटर्न.' बस. समुद्राचा उल्लेखही नाही. मी कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

"तुमची मुलगी बोटीवर आहे, एवढं तरी लिहू या," मी म्हणालो. "गरोदर आहे म्हणून लिहू या. लोक लगेच हलतील."

त्यांनी मान हलवली. "बोटीर सगळीच कोणाची ना कोणाची चेडवां आसत," ते म्हणाले. "धाडा."

मी पाठवली. दोनदा चुकलो, दोन्ही वेळा पुन्हा पाठवली. मग आम्ही दोघं वाट बघत बसलो. त्या मुंबईच्या कचेरीत काय घडलं ते मला पुढे कळलं, कधीतरी बदलीच्या कामासाठी मुंबईला गेलो असताना. तिथले म्हातारे हेडक्लार्क, घोड्यांच्या तारेच्या वेळी रजेवर असलेले, मला स्वतः भेटले. म्हणाले, तार आली तेव्हा पोरांनी हसायच्या तयारीने वाचायला घेतली. वाचून संपली तरी हसण्यासारखं काही येईना. हेडक्लार्कांनी ती हातात घेतली आणि खुर्चीवरून उठलेच. "मालवणच्या एजंटाची तार आणि तिच्यात एक विशेषण नाही," ते मला म्हणाले. "मी तसाच बिनतारी खात्यात पळालो. जेवणाचा डबा उघडा राहिला माझा." संध्याकाळच्या आत उत्तर आलं, 'देवगड लँडिंग अरेंज्ड.' सासऱ्यांनी ते वाचून टोपी काढली, आणि कपाळाऐवजी डोळे पुसले.

देवगडला जायला वाहन मिळालं ते आंब्याच्या ट्रकाचं. पावसाआधी शेवटचा माल उचलायला तो रिकामाच चालला होता. सासूबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. आम्ही दोघे मागे, पेट्यांत घालायच्या गवतावर. तांबडा बावटा चढल्यापासून त्या सासऱ्यांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. वाटेत ट्रक असा हिंदकळत होता की धक्क्यावर बोट लागणाऱ्या माणसाचं काय होईल याची मला चिंता होती. पण ते गवतात ताठ बसून राहिले, हातात छत्री उभी धरून. रात्री उशिरा देवगडला पोचलो आणि सासूबाईंच्या नात्यातल्या एका आंबा-बागायतदारांकडे उतरलो. जेवताना सासूबाईंनी त्यांच्या पानात न विचारता भात वाढला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट देवगडच्या बंदरात शिरली. आत आल्यावर तिचं डोलणं थांबलं. पडाव गेले, आणि तिसऱ्या पडावात ती दिसली. चेहरा कैरीच्या सालीसारखा हिरवा, केस विस्कटलेले, एका हाताने वहिनीला धरलेलं, दुसरा हात पोटावर. धक्क्यावर तिला वर घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग बापापुढे जाऊन उभी राहिली. आता ही काय बोलते? सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून की काय, त्यांनी विचारलं, "कसो होतो गो दर्या?"

"कन्फ्यूज्ड, बाबा," ती म्हणाली. "व्हेरी, व्हेरी कन्फ्यूज्ड." आणि त्यांच्या अल्पाकाच्या कोटावर तिने भडभडून ओकारी केली.

सासूबाई हसल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग उघडच. "धरा आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नुसते उबे काय ऱ्हवलास? चेडवाक धरा!" सगळं काही त्या वाक्यात मिटलं. ज्यांना वेंगुर्ल्याला उतरता आलं नव्हतं, ते आमच्या मालवणचे सगळेच उतारू त्या दिवशी देवगडला सुखरूप उतरले. जानू तांडेल मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी बायेक फुलासारखी हाडली असती. असेलही. ते आता कोण सांगणार?

श्रावणात आम्हाला मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं ऐकून सासऱ्यांनी ओटीवरून "हाय सी!", म्हणजे उसळता दर्या, असा निर्वाळा दिला, आणि पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या त्या दिवसापासून तारांमध्ये विशेषणं पूर्ववत सुरू झाली. मुंबईच्या कचेरीने म्हणे सुटकेचा निःश्वास सोडला.

पुढे माझी बदली घाटावर झाली. साठीचं दशक सरत आलं तोवर रस्ते सुधारले, एस.टी. गावोगाव पोचली, बोटी मालवणला थांबेनाशा झाल्या. एजन्सी बंद झाली, जानू गेला, पडाव वाळूत उपडे पडले. आम्ही दर मे महिन्यात जायचो. प्रत्येक खेपेला सासरे थोडे अधिक वाकलेले दिसायचे. कोट घरातच टांगलेला असे. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि आजार म्हणावा असं काही नसताना ते दिवसभर ओटीवर खुर्चीत बसू लागले, समुद्राकडे तोंड करून.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तिन्हीसांजेला मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी पावलं ओळखली आणि विचारलं, "कसो आसा?"

मी समोर पाहिलं. किल्ल्यापासून आभाळापर्यंत पाण्यावर एक सुरकुती नव्हती. एक होडी उभी होती, तीही जणू कुणी चित्रात काढल्यासारखी. त्यांच्याकडून शिकलेले सगळे इंग्रजी शब्द मी मनातल्या मनात चाळून पाहिले. त्यातला एकही लागू पडेना.

"काही नाही," मी म्हणालो. "नुसतं पाणी आहे."

"नुसता पाणी?" त्यांनी विचारलं. मग माझा हात चाचपून त्यावर आपला हात ठेवला. "मगे नीट बघून घेवा, जावयबापूनू. आमका ता बघूक वेळच गावलो नाय."

मी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसलो, आणि काळोख पडेपर्यंत बघत राहिलो.